माझ्या ताटातलं उरलेलं

वजन कमी करायचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि एकशे अडतीस किलोचा. गुडघे गेले होते, रक्तातली साखर आटोक्यात येत नव्हती. संभाजीनगरच्या एका दवाखान्यात माझ्या पोटाचा बराचसा भाग काढून टाकला. उरलं ते केळ्याएवढं. आधी नुसतं मुगाचं पाणी आणि ताक, मग गाळलेलं वरण, मग कुस्करलेली भाजी. जेवताना पाणी प्यायचं नाही, घास तीसदा चावायचा, पोट भरायच्या आधीच थांबायचं.

भूक जाईल हेही दवाखान्यात सांगितलं होतं, पण ते काय असतं हे घरी आल्यावर कळलं. भाकरी भाजल्याचा वास यायचा, तोंडाला पाणी सुटायचं, आणि आत कुणीच उठायचं नाही. हात मात्र जुन्या सवयीनं मोठाच घास मोडायचा. दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघावं तसा मी त्याच्याकडे बघत बसायचो. एकदा घाईत दोन घास जास्त गेले, तर दरदरून थंड घाम आला आणि छाती अशी धडधडायला लागली की बायको माझा हात धरून बसून राहिली.

सातव्या महिन्यापर्यंत पंचावन्न किलो उतरले. बाजारात ओळखीची माणसं शेजारून निघून जायची. दाढी करताना आरशात गालाची हाडं वर आलेली दिसायची. ती माझी आहेत असं वाटायचं नाही.

त्याच दिवसांतली गोष्ट. मांजरसुंब्याच्या पुढं आमचं गाव. तिथं माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दुपारी जेवायला घरी आलो. माय ओसरीवर तूर पाखडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं, पदर कपाळापर्यंत ओढला आणि म्हणाली, "आलात? ताट करते."

मायनं जन्मात मला अहो-जाहो केलं नव्हतं. थट्टा करतेय असं वाटून मी हसलो. ती हसली नाही.

पुढं ते रोजचंच झालं. सकाळी ती 'तू' म्हणायची, दुपारच्या ताटावर 'तुमी'. बायकोनं आणखी एक गोष्ट हेरली. मी अर्धी भाकरी सारून उठलो की माय ते ताट स्वयंपाकघराच्या दाराआड न्यायची आणि उभ्या उभ्या सगळं संपवायची. पोट भरलेलं असलं तरी. ताट चाटूनपुसून बाहेर आणून सगळ्यांना दिसेल असं ठेवायची.

त्या आठवड्यात आष्टीची आत्या, वडिलांची धाकटी बहीण, मला बघायला आली. उंबऱ्यातच थांबली आणि चौकट धरून म्हणाली, "उजेडात ये बरं जरा."

मी पुढं झालो. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि झटकन मागं घेतला. "दादाच हाय की," एवढंच बोलली.

वडील गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्यांचा चेहरा मला आठवत नाही.

दुपारी माझं जेवण झालं. मायनं नेहमीसारखं ताट उचलून दाराआड नेलं. आत्या ते बघत राहिली. नंतर ओसरीवर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या बापाला शेवटच्या चार महिन्यांत घास उतरत नव्हता. कुणाला सांगू नको म्हणून त्यानं वहिनीला शपथ घातली व्हती. मग ती त्याचं उरलेलं दाराआड खायची. रिकामं ताट बघून आमच्या आईला वाटायचं, पोरगा जेवतोय."

"तुला कधी कळलं?"

"तवाच. मी बघितलं व्हतं." तिनं एकदा दाराकडे बघितलं. "मीबी कुणाला सांगितलं न्हाई."

आत्या गेल्यावर मी मायला सरळ विचारलं.

"तू कोण हाय ते कळतंय मला," ती म्हणाली. "पण दुपारचा तू दारात आलास, ताट सारलंस की मला तेच दिसतेत. 'तुमी' तोंडातून आपोआप जातं."

"मग माझं उष्टं कशाला खातेस?"

"तसंच ऱ्हायलं तर लोकांना कळंल."

"काय कळंल?"

ती माझ्या बारीक झालेल्या मानेकडे बघत राहिली. आपण खरंच बरे होतोय ना, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

पुढच्या तपासणीला मी तिला सोबत नेलं. आहार सांगणारी डॉक्टरीण वयानं लहान होती. मायनं तिला विचारलं, "बाई, ह्याला आत काई झालेलं न्हाई ना?"

पोरीनं माझे रिपोर्ट बाजूला ठेवले, कपाटातून एक छोटी वाटी काढली आणि मायच्या हातात दिली. "आजी, आता यांचं पोट एवढंच आहे. एवढं जेवले की जेवले. उरलं तर आम्ही बरोबर चाललंय म्हणतो."

मायनं वाटी दोन्ही हातांत फिरवून बघितली. "मंजी उरायलाच पायजे?"

"हो."

परत येताना मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर थांबलो. मायनं दोघांना पिठलं-भाकरी मागवली आणि बसून, सावकाश, पोटभर जेवली. जेवता जेवता बोलायला लागली. वडील शिट्टी लई छान वाजवायचे, बैलं शिट्टीवर वळायची. त्यांना दही आवडायचं नाही. डॉक्टरकडं जाऊ म्हणून ती एकदाच म्हणाली होती, दुसऱ्यांदा म्हणायला पाहिजे होतं. हे तिनं मला आधी कधी सांगितलं नव्हतं.

ऐकता ऐकता माझा घास चावायचा राहिला आणि छातीत अडकला. मी बोलू शकेना. मायच्या लक्षात आलं. ती उठून माझ्या मागं आली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. बाजूच्या टेबलावरचे ट्रकवाले बघायला लागले, तरी ती हलली नाही.

"उतरला का?"

"उतरला."

"मग बस. घाई न्हाई आपल्याला."