मिरच्या आणि वर्तमानपत्र

रनाळ्याच्या वाचनालयात रोज संध्याकाळी मी गावाला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचो. पण ओट्यावर शेजाऱ्याच्या मिरच्या वाळत असायच्या, त्यामुळे पहिल्याच ओळीला कुणीतरी शिंकायचं. शिंक आडवी आली की हातातलं काम तिथेच थांबवायचं, ही आमच्याकडची रीत.

"थांब भाऊ, शिंक उनी!"

मी थांबायचो. तेवढ्यात कुणाची म्हैस व्याली, कुणाचं सुनेशी वाजलं, हे बोलून व्हायचं. पंतप्रधानांचं भाषण काही अर्ध्या वाक्यापुढे सरकायचं नाही.

शेवटी माझं डोकं फिरलं. शेजाऱ्याशी भांडून मी मिरच्या उचलायला लावल्या. त्या संध्याकाळी जाहिरातींसकट अख्खा पेपर वाचला. कुणीही शिंकलं नाही. जांभया देत एकेक जण उठून गेला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात मी आणि पाण्याचा माठ, दोघंच.

मुकाट्याने शेजाऱ्याकडे गेलो. "काका, ओटा रिकामा शे. मिरच्या टाका ना."

मिरच्या पसरल्या, गाव परत आलं. पण मिरच्या ताज्या तोडलेल्या, ओल्या. काही केल्या कुणाला शिंक येईना. सगळे माझ्याकडे बघत बसले. मग मीच पहिली ओळ वाचली आणि जोरात खोटं शिंकलो.