काशीबाईंनी खाल्लेला प्रसाद

काशीबाई गेल्याचं मला अकोल्यात कळलं. अमरावतीला पोचलो तेव्हा शोकसभा सुरू झाली होती आणि अध्यक्षस्थानी नानासाहेब वकील बसले होते. ते म्हणाले, "बाईंच्या हातून एक चूक झाली. मी केव्हाच क्षमा केली." क्षमा... तेव्हापासून मला झोप नाही.

दवाखान्यात ज्या म्हाताऱ्यांजवळ बसायला कोणी नसे, त्यांच्यासाठी आमचं मंडळ होतं. नानासाहेब अध्यक्ष, मी त्यांचा कारकून. काशीबाई मळ्यातली भाजी विकून दुपारी येत, म्हाताऱ्यांची अंगं पुसत, कूस बदलून देत. संध्याकाळी नानासाहेब देवीचा प्रसाद घेऊन येत. प्रसाद घेईल त्यालाच मंडळाचं दूध, हा त्यांचा नियम.

एकदा रिद्धपूरकडची महानुभाव म्हातारी आली. त्या पंथाला दुसऱ्या देवाचा प्रसाद चालत नाही. शिरा मुठीत दाबून ती रडू लागली. "नाही म्हनलं तं दूध बंद करते वो माय."

"रडतं काहून? आन इकडं," काशीबाई म्हणाल्या. "माह्या पोटात साऱ्या देवांले जागा हाय." आणि शिरा स्वतःच्या तोंडात टाकला. मग रोज तसंच चाललं.

एका संध्याकाळी नानासाहेबांनी ते पाहिलं. भर वॉर्डात ओरडले, "आजाऱ्यांच्या तोंडचं खातेस? चोरटी!"

काशीबाईंनी म्हातारीकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. खरं बोलत्या तर तिचं दूध तुटलं असतं. मला सारं ठाऊक होतं. नोकरी जाईल म्हणून मीही उभाच राहिलो... त्यांना दवाखाना बंद झाला. पुढे बाजारात बाया म्हणत, "टोपल्या झाका वो, काशी आली!"

म्हातारी बरी होऊन बैलांच्या दमणीत बसून गावी गेली, तेव्हा मी म्हटलं, आता तरी सांगा. "उद्या दुसरी कोनी येईन नं भाऊ, सांगितलं तं तिच्या मुठीवर नजर ठेवतीन," एवढंच त्या बोलल्या.

आता मंडळ नानासाहेबांच्या हाती नाही, दूध सगळ्यांना मिळतं. तेव्हा विचारतो, नानासाहेब, चोर कोण? आजारी माणसाची श्रद्धा दुधाच्या पेल्याच्या बदल्यात हिरावून घेणारे तुम्ही. क्षमा तुम्ही मागायची होती. आता मागायलाही ती बाई उरली नाही.

त्या वॉर्डात आजही नवी म्हातारी आली, की जेवण वाढणाऱ्या मुली आधी विचारतात, "माय, तुले काय चालत नाही?" ही रीत काशीबाईंची, त्याही प्रत्येकीला आधी हेच विचारत. मुलींना ते ठाऊक नव्हतं, आता होईल. नानासाहेबांची नजर गेली आहे, त्यांना हे वाचता येणार नाही. हे छापलेला अंक हाती आला की मी त्यांच्या ओसरीवर जाऊन, सुना-नातवंडांना बोलावून, मोठ्यानं वाचणार आहे.