गेरिटच्या टाकीतली अंडी

मिशिगनमधल्या हॉलंड गावात गेरिट हाउझिंगांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्तीनंतर ओरडायला कोणी उरलं नाही, म्हणून त्यांनी दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिश माशांची जोडी सोडली. मासेही ऐकत नाहीत, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

मार्चमधल्या एका सकाळी काचेवर तिळाएवढे पांढरे ठिपके दिसले. गेरिट भिंग घेऊन गुडघ्यांवर बसले.

"लोइस! अगं, आपल्या जोडीनं अंडी घातली!"

"आधी उठायला हात देऊ का?" बायकोनं विचारलं.

रविवारी चर्चमध्ये कॉफी पिताना त्यांनी ही बातमी झाडून सगळ्यांना सांगितली. "आमच्या तिन्ही पोरांच्या वेळी हा माणूस दवाखान्याच्या बाकावर घोरत होता," लोइस म्हणाली, "आणि आता बघा!"

पण ठिपके वाढतच चालले. खडकावर, पंपावर, सगळीकडे. शेवटी त्यांनी शोभेचे मासे विकणाऱ्या योलांडा प्रेटरला घरी बोलावलं. तिला भिंगही लागलं नाही.

"ही गोगलगायींची. काच साफ ठेवायला चार नेल्या होत्या ना? त्या घालतच सुटतात. यांतून काही निघायचं नाही."

गेरिटचा चेहरा उतरला. "म्हणजे मी अख्ख्या चर्चला गोगलगायींची बातमी दिली?"

"आणि किती कौतुकानं!" लोइस म्हणाली.

योलांडाला दया आली. "तुमची जोडी वयात आलेली दिसते. मादी चावते का हो?"

"चावते? दर पंधरा दिवसांनी माझं बोट धरते! त्या कोपऱ्यातल्या फरशीच्या तुकड्यावर गंजासारखं नारिंगी काहीतरी धरतं. ते घासायला हात घातला की आलीच अंगावर. पण मी सोडत नाही, लख्ख करतो."

योलांडा सोफ्यावर बसली. "कधीपासून लख्ख करताय?"

"थँक्सगिव्हिंगपासून. नोव्हेंबर संपता संपता."

आधी लोइसच्या लक्षात आलं. तिनं तोंडावर हात दाबला, पण हसू काही आवरेना. गेरिटना उमगलं तसे ते टाकीपुढे जाऊन उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "माफ कर गं बाई."

घासायचा ब्रश गॅरेजमध्ये गेला. दहा दिवसांनी फरशीवर पुन्हा नारिंगी डाग उमटला. नर पंखांनी त्याला वारा घालत राहिला, आणि सहाव्या दिवशी प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे चमकले. लोइस हातातली भांडी टाकून बघायला आली आणि काचेला नाक लावून उभी राहिली.

योलांडानं ती फरशी उचलून लहान टाकीत ठेवली. शेकडो पिल्लं निघाली, जगली नऊ. गेरिटनी यावेळी कोणाला काही सांगितलं नाही. लोइसनंच गावभर फोन लावले.