वेताळाच्या आतला माणूस

जव्हारच्या एसटी डेपोमागे माझं शिलाईचं दुकान आणि पंढरीचं व्हिडिओ गेमचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक पत्रा होता. पत्रा कसला, चाळणीच. त्याच्याकडचं सगळं मला ऐकू यायचं. अठ्ठ्याण्णव साली तो दुकान टाकायला आला तेव्हा मी त्याच्याशी कडाकडा भांडले होते. "शाळेची पोरं बिघडवायला आलास मेल्या," असं तोंडावर म्हणाले. तो हसून म्हणाला, "वेणूताई, शाळा सुटल्याबिगर मी दार उघडणार नाय." आणि खरंच, शाळेच्या वेळात तो दार लोटून मशिनं पुसत बसायचा. माणूस भला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणाला तसं वाटणार नाही.

तो मोखाड्याकडचा. बाप सावळा, डोंगरउतारावर नाचणी-वरई करणारा. त्याला सगळे सावळाबा म्हणत. पंढरी ठाण्याला एका गेमच्या दुकानात कामाला होता. मालकाने गाशा गुंडाळला तेव्हा जुने टीव्ही, मशिनं आणि कॅसेटींचा एक खोका घेऊन हा परत आला.

त्या खोक्यात एकाच खेळाचे भाग होते. पहिला, दुसरा आणि चौथा. तिसरा नव्हता. तलवारी, राक्षस, उडणारी होडी, असला तो खेळ. पडद्यावरची अक्षरं जपानी की चिनी, देव जाणे. त्यामुळे गोष्ट पंढरीच सांगायचा आणि पोरं तोंडाचा आ करून ऐकायची. खरं सांगते, पायाखालचं मशीन थांबवून मीही ऐकायचे.

दर भागात मुलूख नवा, राक्षस नवा. पण एकडोळ्या लोहार सगळ्या भागांत, तडकलेली घंटा सगळ्या भागांत, आणि तांबडं मुंडासं बांधलेला वीर तर असायचाच. गोकुळ म्हणून एक चौकस पोर होतं. त्याने एकदा पेच टाकला, "दादा, पयल्या भागात हिरो म्हातारा होऊन मेला ना? मग दुसऱ्यात जिता कसा झाला?"

पंढरी म्हणाला, "तू बोहाडा बघतोस ना? वेताळाचं सोंग दरसाल निघतं. तुझ्या आजाने बघितलं, तू बघतोस. वेताळ तोच. आत माणूस बदलतो. इथं मुंडासं म्हणजे सोंग. जो बांधील तो हिरो."

बोहाडा म्हणजे मोखाड्याचा देवीपुढचा मुखवट्यांचा उत्सव. एकेका घराकडे एकेका सोंगाचा मान असतो, बापाकडून पोराकडे येतो. वेताळाचा मान पंढरीच्या घरात. मुखवटा चांगला जड, आणि तो घालून संबळाच्या तालावर देवळापर्यंत नाचत जायचं. चेष्टा नाही.

पंढरीच्या उत्तराने पोरांचं समाधान झालं. पंढरीचं मात्र एक अडलेलं असायचं. दुसऱ्या भागाच्या शेवटी मुंडासं नदीत वाहून जातं आणि चौथ्याच्या सुरुवातीला ते एका पोरीच्या डोक्यावर असतं. मधे ते कुणी बांधलं? पोरांनी विचारलं की तो, "तिसरा मिळाला की सांगीन," म्हणायचा. चहा पिता पितासुद्धा माझ्याशी तेच बोलायचा. एवढ्या मोठ्या माणसाला काय हे वेड, असं मला वाटायचं.

त्या वर्षी होळीआधी सावळाबा वेताळाचा झगा घेऊन माझ्याकडे आला. पलीकडे पंढरी कुणा नव्या पोराला तेच सोंगाचं समजावत होता. म्हाताऱ्याने कान देऊन ऐकलं आणि दारात जाऊन उभा राहिला.

"बेस सांगतोस रं," तो म्हणाला. "मंग औंदा बदल ना माणूस. माजे गुडघे नाय म्हणतात आता."

पोरांनी एकच कालवा केला. पंढरीदादा वेताळ होणार! पंढरी लाजला, पण बापाच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "नाचीन, बाबा." मी त्याचं माप घेतलं. तो बापापेक्षा चांगला वीतभर उंच. दुमडपट्टी सोडून, खाली लाल काठ लावून मी झगा वाढवला.

सोंगाच्या दिवशी दुपारीच पोरं जीप करून मोखाड्याला निघाली. झग्याचं गाठोडं पंढरीने त्यांच्याकडेच दिलं, "बाबाला नेऊन द्या, मी मागल्या गाडीने येतो." तेवढ्यात ठाण्याचा एक जुना सोबती नाशिकला जाता जाता उतरला. त्याच्या पिशवीत तिसरी कॅसेट होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो पुढे जाणार होता आणि कॅसेट त्याच्याबरोबर जाणार होती.

"जरा बघतो, ताई," पंढरी मला म्हणाला.

दुकान बंद करताना मी पत्र्यावर थाप मारली. "अरे, गाडी जाईल!" "हा निघालोच," असं आतून उत्तर आलं. मी घरी गेले. पुन्हा हाक मारायला हवी होती, दार उघडून ते टीव्हीचं बटण बंद करायला हवं होतं. नाही केलं. माझ्याही मनाला ते अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं तेव्हा तो पायरीवर बसला होता. डोळे लाल. "गाडी चुकली, ताई," एवढंच बोलला. मी काही बोलणार तेवढ्यात पोरांची जीप आली. उतरली तीच मुळी ओरडत.

"दादा, काय नाचलास रे!"

"आम्ही तुझ्या नावानं बोंबलत होतो, ऐकू आलं ना? जितकं वरडावं तितका तू उडत होतास!"

"आणि तू आमच्या आधी कसा आलास?"

पंढरी माझ्याकडे बघत राहिला. वेताळ नाचला होता आणि पंढरी इथे बसलेला. तो पोरांना "हूं" म्हणाला. नुसतं "हूं". मग उठला आणि मिळाली त्या गाडीने गावाला गेला.

तिथे काय झालं ते त्याने मला चार दिवसांनी सांगितलं. म्हातारा खाटेवर होता, कमरेपासून पाय हलत नव्हता. सोंगाची पाळी आली, पोराचा पत्ता नाही. मान चुकवायचा कसा? म्हणून त्यानेच झगा चढवला. देवळापर्यंत कसाबसा जाऊन थांबायचं, असं ठरवून निघाला होता. पण बाहेर पोरं पंढरीच्या नावाने ओरडायला लागली.

"तुजं नाव घेत होती," सावळाबा म्हणाला. "मंग म्हाताऱ्यावानी कसा नाचू? तुजी लाज गेली असती."

म्हणून तो तरण्यासारखा नाचला. देवळाच्या पायरीशी झग्यात पाय अडकला आणि पडला. मुखवटा त्याने कुणाला काढू दिला नाही. भावकीतल्या दोघांनी तसाच उचलून आत नेला. गावात सांगितलं, सावळाबा खळ्यावर पडला. त्या दोघांना देवीची शपथ घातली. आणि पंढरीलाही; पण त्या रात्री तो इथेच होता हे मला ठाऊक होतं, म्हणून माझ्यापाशी तेवढा बोलला.

"मला शिव्या दे म्हटलं, ताई," पंढरी सांगत होता. "थोबाडीत मार म्हटलं. तर म्हणतो, जेवलास का."

झगा त्याने दुरुस्तीला आणला होता. मी वाढवलेला काठ सगळा फाटला होता. म्हाताऱ्याच्या पायात तोच आला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तो काठ, दोऱ्याचा रंग जुळवून, जीव ओतून शिवला.

"तिसऱ्या भागात काय होतं रे?" मी एकदा विचारलं.

"नाय सांगवत, ताई," तो म्हणाला. पोरांनाही त्याने कधी सांगितलं नाही. कॅसेट मिळालीच नाही, म्हणाला.

सावळाबा पुढे काठीवर आला, पण डोंगर चढला नाही. पंढरी आठवड्याला दोनदा गावी जायचा, बापाला पाठीवर घेऊन ओढ्यावर न्यायचा, अंघोळ घालायचा. दरसाल वेताळ नाचायचा. महिनाभर आधीपासून सराव करायचा, पाय सुजेपर्यंत. आणि दरसाल लोक त्याला तेच म्हणायचे, "बरा झाला, पंढरी. पण त्या पहिल्या सालासारखा नाय." तो मान खाली घालायचा. खाटेवरचा म्हातारा म्हणायचा, "जमंल पुढल्या साली."

दोन हजार सातच्या पावसात सावळाबा गेला. पुढच्या होळीला पंढरी झगा घेऊन माझ्याकडे आला. गोकुळ तिथेच होता, आता आश्रमशाळेत शिक्षक झालेला, आपल्या शर्टाचं माप द्यायला आलेला.

"दादा, औंदा एकदा त्या पहिल्या सालासारखा नाच," तो म्हणाला.

पंढरीने झगा माझ्यापुढे ठेवला. "तो मी नव्हतो, गोकुळ. बाबा होता. मी इथं गेम खेळत बसलो होतो."

गोकुळ हसला. "चल! सावळाबाचे गुडघे तेव्हाच गेले होते. म्हाताऱ्याचं काम होतं ते? आणि तूच तर आम्हाला शिकवलंस ना, आत माणूस बदलतो म्हणून?"

"वेणूताई, तुम्ही सांगा," पंढरी म्हणाला. "काठ फाटला होता तो दाखवा याला."

मी झगा पसरला. काठ उलटासुलटा करून बघितला, उजेडात धरला. इतका बारीक टाका मी घातला होता की कुठे फाटलं होतं ते मलाच सापडेना.