एवढीशी यार्देन

आईच्या गोष्टीतली यार्देन नदी आमच्या गोदावरीएवढी होती, आणि तीही पुरातल्या. गावच्या संडे स्कूलमध्ये आईने ती गोष्ट किती पोरांना सांगितली असेल, देव जाणे. मोशेने मिसरच्या गुलामीतून सोडवलेले लोक रानावनातून भटकत भटकत शेवटी नदीकाठी येतात. पलीकडे त्यांना कबूल केलेला देश असतो आणि मध्ये दुथडी भरलेली यार्देन. इथे आई दोन्ही हात पसरायची. मग देवाचा कोश, म्हणजे देवाच्या कराराची पेटी, खांद्यावर घेतलेले याजक पाण्यात पाय ठेवतात, वरून येणारं पाणी लांब कुठेतरी थबकतं, रास होऊन उभं राहतं, आणि सगळे कोरड्या पायांनी पार होतात. शेवटी बारा माणसं नदीच्या तळातून बारा दगड उचलून काठावर रचतात. पुढे मुलं विचारतील, हे दगड कसले, तेव्हा सांगता यावं म्हणून.

आमचं गाव धरणाच्या खाली आहे. धरण झालं तेव्हा आई शाळेत जायची. तेव्हापासून वरून दारं उघडली तरच आमच्याकडे नदी, नाहीतर पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. पण आईच्या गोष्टीत धरणाआधीचीच गोदावरी वाहत राहिली. मला तर लहानपणी वाटायचं की यार्देन पैठणच्या जवळपास कुठेतरी असणार.

आई अमेरिकेत, ईडन प्रेरीला आमच्याकडे राहायला आली तेव्हा माझ्या मुलीला ही गोष्ट रोज लागायची. किचनच्या फरशीवर निळी ओढणी म्हणजे नदी, आणि बारा बटाटे म्हणजे दगड. मुलगी मराठी ऐकायची आणि इंग्रजीत बोलायची, दोघींचं त्यामुळे काही अडत नव्हतं. माझ्या मात्र भाजीला बटाटे शोधताना नाकी नऊ यायचे.

अशात आमच्या चर्चची जॉर्डनची, म्हणजे आईच्या यार्देनेच्याच देशाची सहल ठरली. बहुतेक मंडळी निवृत्त गोरी जोडपी. आईने आम्हा दोघींची नावं द्यायला लावली आणि त्याच दिवशी बॅगेच्या तळाशी एक पांढरी साडी ठेवली. यार्देनेत गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, एवढीच तिची इच्छा होती. बाकीचं काही नाही दाखवलं तरी चालेल, म्हणाली. नंतर निघायला थोडे दिवस उरले असताना गराजसमोरच्या बर्फावर तिचा पाय घसरला आणि घोटा मोडला. डॉक्टरांनी विमानाचं नावही काढू दिलं नाही.

मी माझंही जाणं कॅन्सल करणार होते. पण आई हट्टाला पेटली. "तू जाऊन ये. मला फोनवर दाखव. तुझ्या पोरीला पण दिसेल." आणि मग हसून, "मोशेलासुद्धा तो देश डोंगरावरून लांबूनच बघावा लागला. मी कोण लागून गेले?"

तो नबो डोंगर मी तिला दाखवलाही. धुक्यात पलीकडचं काही दिसत नव्हतं, पण आई खूष झाली. फोन हातात घेऊन माझ्या नवऱ्याला म्हणाली, "बघा जावईबापू, इथंच उभा होता तो." त्या दिवशी मला वाटलं, बरं झालं आपण आलो.

नदीवर पोचलो ती तिकडची दुपार होती, म्हणजे ईडन प्रेरीत सकाळचा चहा. झुडपांमधल्या वाटेने चालत गेलो, लाकडी पायऱ्या लागल्या आणि खाली मातकट पाण्याचा एक पट्टा दिसला. मी तो ओलांडून पलीकडेच बघत होते, नदी शोधत. पलीकडच्या काठावर दुसऱ्या देशातले लोक पांढरे झगे घालून गात होते, आणि ते इतके जवळ होते की त्यांच्या चपला दिसत होत्या. माझ्या मुलीने चेंडू टाकला असता तर सहज त्यांच्या पायाशी पडला असता. तेव्हा कुठे कळलं की आपण नदीपाशीच उभे आहोत.

मी तेव्हाच फोन लावायला नको होता. नेटवर्क नव्हतं म्हटलं असतं तर कुणी तपासायला येणार नव्हतं. पण आई सकाळपासून वेणीफणी करून काउंटरपाशी बसली असेल हे मला माहीत होतं. लावला.

ती खरंच तशी बसलेली होती, प्लास्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर. मुलगी तिच्या मांडीला टेकून उभी होती. मी कॅमेरा फिरवला.

"हा ओढा झाला," आई म्हणाली. "नदी कुठाय?"

"हीच आहे आई."

"हा फाटा असेल गं. मोठी धार पुढं असेल, विचार कुणाला तरी."

मी गाइडला विचारलं. तो चांगला माणूस होता, त्याने नीट समजावलं. मी आईला सांगितलं, "हीच यार्देन आहे. पूर्वी मोठी होती. आता पाणी वरच घेतात, सगळेच देश. शेतीला, शहरांना."

"म्हणजे वरच्यांनी अडवलं," आई म्हणाली. दर उन्हाळ्यात कोरड्या गोदावरीच्या काठावर ती ज्या आवाजात हे म्हणते, त्याच आवाजात.

मी बूट काढून तिच्या नावाने पाण्यात पाय बुडवले. चिखलच जास्त होता. आईने ते पाहिलं, मान हलवली आणि म्हणाली, "जपून, घसरशील. माझा चहा गार होतोय." फोन तिने माझ्या नवऱ्याकडे दिला.

तिला जाता आलं नाही म्हणून मला विमानात रडू आलं होतं. आता वाईट वाटतं ते तिने नदी पाहिली म्हणून. गोदावरी गेली तेव्हा तिच्याकडे निदान यार्देन तरी शिल्लक होती.

मी परत आल्यावर आईने सगळं विचारलं, जेवण कसं होतं, लोक कसे होते. नदीचं काही विचारलं नाही. पांढरी साडी कपाटात इतर साड्यांबरोबर गेली. मुलीने गोष्ट मागितली की ती दुसरी काहीतरी सांगायची.

उन्हाळा आला, प्लास्टर निघालं. एका रविवारी चर्चनंतर आम्ही घरामागच्या तळ्यावर गेलो. मिनेसोटात पाण्याला काय तोटा, तळं काठोकाठ भरलेलं. आई काठी टेकून बाकावर बसली. मुलगी फ्रॉकच्या ओच्यात काठावरचे गोटे गोळा करून आली आणि तिच्यासमोर उभी राहिली. "आजी, द रिव्हर वन."

आईने नाही म्हटलं नाही. तिने सुरुवात केली. लोक नदीकाठी आले, यार्देन दुथडी भरून वाहत होती. हात मात्र मांडीवरच राहिले. याजकांनी पाण्यात पाय ठेवले, वरचं पाणी थांबलं, रास होऊन उभं राहिलं. इथे ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

"खालच्या गावांनी त्या दिवशी पाणी कुठून भरलं असेल गं?"

 

"देन व्हॉट, आजी?" मुलगी म्हणाली.

"मग काय, गेले लोक पलीकडे. झाली गोष्ट."

"अँड द स्टोन्स?" तिने ओचा वर उचलून दाखवला.

आई त्या गोट्यांकडे बघत राहिली. मग काठी धरून उठली.

"टाक ते खाली," म्हणाली, "फ्रॉक मळतोय."