दुसऱ्या हाकेचा चौकीदार

१९९९ साल होतं. मी बावन्न वर्षांचा होतो आणि आमच्या कालव्याच्या चौकीदाराला हाका मारून माझा घसा बसला होता. हा माणूस पहिल्या हाकेला ओ देत नसे. कधीच नाही. ‘हिरामण’ म्हणून ओरडलं तरी हातातलं काम करत राही, जणू दुसऱ्याच कुणाला बोलावलं आहे. दुसरी हाक गेली की दचकून मान वर करी आणि घाईनं म्हणे, “हो, मीच. बोला.” गावात कुणी त्याला बहिरा म्हणे, कुणी म्हणे सरकारी माणसाचा माज आहे. मी माज म्हणणाऱ्यांतला.

तसला माज मला ओळखीचा होता. १९५६ साली मी नऊ वर्षांचा होतो. बापानं दीक्षा घेतली आणि घरी येऊन पहिलं काम केलं ते माझं नाव बदलण्याचं. धोंड्या गेला, धर्मपाल आला. गावातल्या मोठ्या घरांना ते नाव तोंडात धरवेना. ते धोंड्याच म्हणत राहिले आणि मी वळून पाहिलं नाही. त्यापायी मार खाल्ला, हातची मजुरी गेली, पण वळलो नाही. दहा-बारा वर्षांनी त्यांचीच पोरं मला धर्मपालभाऊ म्हणू लागली. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, माझ्याजवळ कमाई म्हणावी तर ही एवढीच. तेव्हा हाकेला ओ न देणं म्हणजे काय, हे मला चौकीदारानं शिकवायची गरज नव्हती.

त्या वर्षी धान निसवत होता आणि चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी माझ्या बांधीपर्यंत पोहोचत नव्हतं. माझी बांधी, म्हणजे धानाचं शेत, कालव्याच्या अगदी शेवटाला. मी कालव्याच्या पाळीवर, काठाच्या बांधावर गेलो, दोन हाका मारल्या, आणि त्यानं मान वर केल्याबरोबर तोंडाला येईल ते बोललो. आईबापही सोडले नाहीत. तो हसला. राग गिळून हसतात तसं नाही, शाळेतल्या शांत पोरासारखं. म्हणाला, “गेटचं चाक जाम झालं आहे, भाऊ. उद्या सकाळी या, दोघं मिळून फिरवू.” असं हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी तणतणत परत आलो.

सकाळी गेलो तर त्या दिवशी पितरांची अमावस्या. आम्ही पितर मानत नाही, म्हणून माझ्या ते ध्यानात नव्हतं. चौकीदार आपल्या क्वार्टरच्या कौलांवर पळसाच्या पानांची पत्रावळ ठेवून खाली उभा होता. वर वडे, भात, खीर. हात कपाळाला लावून तो कावळ्यांना बोलावत होता, “कवडू, ये गा. ये, कवडू.” आवाज असा की कालव्याच्या पलीकडे जावा. त्याचा एवढा मोठा आवाज मी आधी ऐकला नव्हता, नंतरही कधी ऐकला नाही. कावळा आला, पानावर चोच मारली, आणि यानं तोंड फिरवलं. लोक तर कावळा शिवला की हात जोडतात.

मी विचारलं, कवडू कोण? म्हणाला, लहान भाऊ. तरणा असताना तापानं गेला. आई होती तोवर ती पान वाढायची, आता बायको वाढते. मग आम्ही दोघांनी चाकाला दांडा लावून गेट उचललं. संध्याकाळी माझ्या बांधीत पाणी आलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या पाळीवर बसायला जाऊ लागलो. भांडण विसरलो म्हणून नाही. तो ऐकून घ्यायचा, आणि मला बोलायला आवडतं.

त्याच्या एकेक गोष्टी तेव्हा मला गमतीच्या वाटत. खिशात नेहमी घडी घातलेला पेपर. वाचताना ओठ हलत आणि एक बातमी अर्धा तास चाले. मी म्हणायचो, “काय गा, सातवी पास ना तू? माझी नात तुझ्यापेक्षा लवकर वाचते.” तो म्हणे, “सातवी पास माणसाजवळ पेपर पाहिजे.” खर्रा नाही, विडी नाही. कुणी पुढे केली तर म्हणे, “हिरामण खात नाही.” स्वतःबद्दल असं परक्यासारखं बोलायची त्याला सवय होती. कधी पाट साफ करताना दंडारीच्या खेळातल्या गाण्याची ओळ त्याच्या तोंडून निघे, गळा असा की हातातलं काम थांबावं, आणि अर्ध्यातच तो गप्प होई. मी म्हणायचो, म्हण ना पुढे. “हिरामणले गाणं येत नाही, भाऊ.” आता जे येत नाही ते मी कानांनी ऐकलेलं.

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात ते उघडं पडलं. २००४ साल. आम्ही दोघं बियाण्याच्या चौकशीला गेलो होतो. सिंगाड्याच्या ढिगाजवळ एक म्हातारी बसली होती, लेकीकडे पाहुणी आलेली. गर्दी, मोटारसायकली, एसटीचा भोंगा. त्यातून मागून तिची एकच हाक आली, “कवड्या.”

तो वळला. जागच्या जागी, पूर्ण अंगानं. पाच वर्षं मी या माणसाला दोन-दोन हाका मारत होतो.

म्हातारीनं त्याचा हात धरला. “कवड्या, तू तं मेला म्हणे.”

त्याचा चेहरा मी पाहत होतो. आधी एक माणूस दिसला, मग तो गेला आणि नेहमीचा हसरा शांत चौकीदार आला. “तुमी चुकल्या, बाई. मी हिरामण. कवडू माहा लहान भाऊ. तो मेला.”

“हिरामणच्या भुवईवर डाग होता, बा,” म्हातारी म्हणाली. थोडा वेळ तिनं त्याच्या कपाळाकडे पाहिलं. मग हात सोडला. “तसंच असन.”

परत येताना फाट्यावर उतरून आम्ही कालव्याच्या काठानं चाललो. मी काही विचारलं नव्हतं. तो आपणहून सांगू लागला, आणि तेही पायाकडे पाहत. आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या बाजूचं गाव, म्हातारीही तिथलीच. घरातली पहिली तीन लेकरं गेलेली. मग हिरामण जगला, तो हुशार निघाला. त्याच्यावर पुन्हा एक गेलं, म्हणून शेवटच्याला आईनं सुईणीकडून एका कवडीला विकत घेतलं आणि कवडू नाव ठेवलं, की मरणालाही त्याचा मोह पडू नये. हिरामण सातवी झाला, चौकीदारीला अर्ज केला आणि ताप येऊन मेला. तेराव्याच्या आत नोकरीचा कागद आला. बाप तो कागद दोन दिवस डोक्याशी घेऊन झोपला. तिसऱ्या दिवशी कोतवालाकडे जाऊन मेलेल्याचं नाव कवडू लिहवून आला. बिऱ्हाड उचललं, गाव सोडलं. एकोणीस वर्षांचा, दुसरीतून शाळा सोडलेला, दंडारीत गाणारा कवडू त्या दिवशी मेला आणि सातवी पास हिरामण कामावर हजर झाला.

“बायकोले माहीत आहे?” मी विचारलं.

नव्हतं. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, मुलगा बाबा म्हणतो. घरात नावाचं काम पडलंच नाही. तिला एवढंच ठाऊक, की मेलेल्या दिराचं पान वाढायचं असतं. त्याची आई मरेपर्यंत थोरल्यासाठी रडली आणि तोंडानं धाकट्याचं नाव घेत राहिली. रडताना तिची जीभ एकदाही चुकली नाही, असं तो म्हणाला. मला वाटतं त्याला ते आवडलं नव्हतं. एकदा तरी चुकायला हवी होती.

“पाऊल टाकतो तं पहिले पाहतो, हिरामण असता तं काय करता,” तो म्हणाला. “तो रागवत नव्हता, मी रागवत नाही. तुमी माह्या मायबापाले बोलले, भाऊ, त्या दिवशी कवडू असता तं तुमचं डोस्कं फोडता.” आणि हसला, तेच हसू. त्या दिवशी मला कळलं की ते हसूसुद्धा त्याचं नव्हतं.

कालव्यावरच्या मोरीच्या, लहान पुलाच्या, कठड्यापाशी तो थांबला. म्हणाला, घरच्यांना सांगू नका. मी शब्द दिला. मग म्हणाला, “एक काम करान का? मले माह्या नावानं हाक मारा. इथंच. एकदा.”

मी नाही म्हणालो.

आज सांगताना जीभ जड होते, पण तेव्हा मला स्वतःचं अगदी बरोबर वाटत होतं. मी त्याला म्हणालो, कवडीच्या मोलाचं नाव ते. असली नावं अंगावरून उतरवायला माझ्या बापाचा जन्म गेला, माझी पाठ सोलली. तसलं नाव मी कुणालाच लावणार नाही, तुला तर नाहीच. तुला चांगलं नाव भेटलं आहे, हिऱ्याचं, तेच ठेव. माझ्या मते मी त्याचा मान राखत होतो.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुमी तुमचं नाव टाकलं, भाऊ. माहं काढून घेतलं.”

त्यानं मी जास्तच हट्टाला पेटलो. मी पुढे चालू लागलो. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. मी हिरामण म्हणत राहिलो, दोनदा. आता तर तो पहिल्या हाकेनंतर माझ्याकडे पाही, थोडा थांबे, आणि दुसरी आल्यावरच ओ देई. तो कशाची वाट पाहतो हे मला ठाऊक होतं. मी काही वळलो नाही.

पुढे तो निवृत्त झाला, आणि तेही थोरल्या भावाच्या वयानं, स्वतःच्या तीन वर्षं आधी. “हिरामण म्हातारा झाला,” म्हणाला. “माहे तीन वर्षं शिल्लक होते.” आमच्याच गावात त्यानं दोन खोल्या बांधल्या. दर वर्षी पितरांच्या अमावस्येला कौलांवर पान, आणि ती वर्षातली एकच मोठी हाक. मी त्या सकाळी मुद्दाम दुसऱ्या वाटेनं शेतावर जाऊ लागलो.

२०११ साली तो अंगणात पडला. डोक्यात रक्ताची गाठ निघाली. गोंदियाच्या एका दवाखान्यात ठेवलं. मी गेलो तेव्हा त्याची बायको पायाशी बसून तळवे चोळत होती, मुलगा कागद घेऊन उभा होता. तरणा डॉक्टर त्याच्या कानाशी वाकून विचारत होता, “बाबा, आपका नाम बताओ. हिरामणजी. हिरामणजी.” दोनदा झालं, तीनदा झालं. डोळे उघडे, पण वर पंख्याकडे. आता दुसऱ्या हाकेलाही ओ नव्हती. डॉक्टर मुलाला म्हणाला, “खुद का नाम भी नहीं पहचान रहे. अब मुश्किल है.”

मी खाटेपासून दोन हातांवर होतो. कोणत्या हाकेला तो वळेल हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. तोंडही उघडलं. बायको माझ्याकडे पाहू लागली, म्हणाली, “तुम्ही तरी हाक मारून पाहा, भाऊजी. तुमचं हे ऐकत होते.”

मी म्हणालो, “हिरामण.”

अर्धं त्याला दिलेल्या शब्दापायी, त्या बाईचं उरलेलं आयुष्य त्याच नावावर उभं होतं म्हणून. उरलेलं अर्धं माझं आहे. सात वर्षं नाही म्हणत आलेल्या माणसाची जीभ ऐन वेळी वळत नाही. मी दुसरी हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला. घाटावर मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहून हिरामण कसा शांत माणूस होता ते सांगितलं. सगळं खरं होतं, पण ज्याला जाळत होतो त्याच्याबद्दलचं नव्हतं.

पुढच्या वर्षी पितरांच्या अमावस्येला मी वाट बदलली नाही. त्याच्या घरापुढे थांबलो. बायको शिडीवरून उतरत होती. कौलांवर दोन पत्रावळी होत्या, शेजारी शेजारी.

“एक यांचं,” ती म्हणाली, “एक दिराचं. त्यायचं बंद कसं करू? हे तं कधी चुकले नाही.”

मुलानं हाका मारल्या. आधी बापाच्या नावानं, हिरामण. मग काकाच्या, कवडू. मी अंगणात उभा राहून ऐकत होतो. ज्या हिरामणाला मेल्यापासून कुणी त्याच्या नावानं पान वाढलं नव्हतं, त्याला त्या दिवशी पहिल्यांदा मिळालं. आणि कवडूचं पान अखेर खऱ्या मेलेल्या माणसाचं झालं. काही न कळता त्या दोघांनी सगळं जागेवर लावलं होतं. कावळे आले. मी पितर मानत नाही, पण चपला काढून उभा राहिलो. त्या बाईला काहीच सांगितलं नाही, पुढेही सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळीवर गेलो. गेट अर्धं उघडं होतं, पाणी शेवटाकडे चाललं होतं. मी मोरीच्या कठड्यावर चढलो आणि होता तेवढा आवाज लावून कवडू म्हणून हाक मारली. एकच.