वाफेच्या जहाजाची तोंडी परीक्षा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी आमच्या गोपनीय शाखेच्या हवालदाराचा गंभीर चेहरा डोळ्यांसमोर येतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. मी स्टेशन डायरीवर सही करत होतो. तो समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आपल्या हद्दीत जहाजाचे बोगस इंजिनियर आहेत जी."

मी पेन खाली ठेवलं. गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा मी ठाणेदार होतो. धानाच्या चोऱ्या, शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची भांडणं, तेंदूपानावरून झालेली डोकेफोड, सगळं पाहून झालं होतं. जहाज मात्र पहिल्यांदाच आलं होतं.

"अरे, समुद्र कुठे आहे इथे?"

"समुद्र नाही जी, पण त्याचा क्लास आहे ना गोंदियाले."

हवालदार उगाच बोलणारा माणूस नव्हता. त्याची खबर अशी होती. जहाजावर इंजिनियर म्हणून उभं राहायचं तर सरकारी परीक्षा द्यावी लागते. आधी लेखी, मग तोंडी. दोन्ही पार केल्यावर सक्षमतेचं प्रमाणपत्र मिळतं. गोंदियातली एक अकादमी या परीक्षेची तयारी करून घ्यायची, आणि ज्याची तयारी होत नसे त्याच्या जागी मुंबईत दुसराच माणूस बसवायची. म्हणजे कागद अस्सल, सही अस्सल, शिक्का अस्सल. खोटा फक्त माणूस. असा गुन्हा पकडणं फार कठीण असतं, कारण बनावट दस्त समोर ठेवून आरोपीला बोलतं करायची सोयच राहत नाही.

मी वरिष्ठांमार्फत परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाला कळवलं. उत्तर लगेच आलं. त्या अकादमीचे दोन उमेदवार माझ्या हद्दीत राहत होते. दोघांकडे वाफेच्या जहाजाचं प्रमाणपत्र होतं, दोघांना जहाजावर रुजू व्हायचं होतं. चौकशी करून अहवाल पाठवा, तोवर दोघांनाही जाता येणार नाही, असा आदेश होता.

वाफेची जहाजं कधीच मोडीत निघाली, अशी माझी समजूत होती. चौकशीत कळलं, गॅस वाहून नेणारी काही मोठी जहाजं अजूनही बॉयलर पेटवून वाफेवर चालतात. तीही आता कमी होत चालली आहेत. त्यामुळे अशा जहाजावरची जागा एकदा हुकली की पुढची कधी मिळेल ते कोणी सांगू शकत नाही.

त्या दोघांतला एक आमच्याच बाजारपेठेतल्या दुकानदाराचा मुलगा. दुसरी तिरोड्याच्या बाजूच्या एका खेड्यातली मुलगी. तिला दोन दिवसांत मुंबईत हजर व्हायचं होतं. दोघांनाही ठाण्यात बोलावलं.

मुलगी आईला घेऊन आली. आई राईस मिलच्या अंगणात उसना, म्हणजे उकडलेला, धान वाळवायला जात असे. "जय भीम, साहेब," म्हणाली आणि बसायला सांगायच्या आधीच तिनं विचारलं, "पोरीले काऊन बोलावलं जी? तिनं का केलन?"

"काही केलं असं म्हणत नाही, बाई. फक्त विचारायचं आहे."

"मंग इचारा. मी इथंच बसून राहतो."

महिला शिपायाला सोबत देऊन मी मुलीला आतल्या खोलीत बसवलं. आधी त्या मुलाला घेतलं. पोशाख नीटनेटका, बोलणं गोड. बॉयलरबद्दल मी रात्र जागून चार प्रश्न तयार केले नव्हते, परीक्षा कार्यालयानंच ते लिहून पाठवले होते. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणीच दिसेना झालं तर काय कराल? त्यानं पढवलेल्या पोपटासारखं धडाधड उत्तर दिलं. आधी काचेचे कॉक, म्हणजे तोट्या, उघडून खात्री करायची, पाणी खरंच गेलं असेल तर आग बंद करायची, तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी अजिबात सोडायचं नाही. उत्तर बरोबर होतं. मुलीला विचारलं, तिनंही तेच सांगितलं. मी होतो तिथेच राहिलो.

परीक्षकांना फोटो दाखवून ओळख पटवावी म्हटलं, तर ते गोदीत एका जहाजाच्या पाहणीसाठी गेले होते. संध्याकाळपर्यंत फोन लागणार नव्हता.

एवढ्या वर्षांत माणसांबद्दल मी एक गोष्ट शिकलो होतो. खोटं बोलणारा माणूस आपलं यश तयार करून आणतो. फजिती तयार करून आणावी हे त्याला सुचत नाही. म्हणून मी चहा मागवला आणि त्या मुलाला सहज विचारलं, "परीक्षेत तुझं काय चुकलं होतं?"

"कुछ भी नहीं, सर. सब सही गया. पहिल्याच टाइमाला पास झालो."

"तोंडीलासुद्धा?"

"तोंडीला तर साहेब हसून बोलले. बोले, बहुत बढ़िया."

ते मी त्याच्या जबाबात जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं आणि मुलीकडे गेलो. तिला तोच प्रश्न विचारला.

"मी नापास झालतो, सर," ती म्हणाली. "पहिल्या तोंडीत."

"कशात?"

"त्याच पान्याच्या प्रश्नात."

मला आश्चर्य वाटलं. उत्तर तर तिला पक्कं येत होतं. ती सांगू लागली. परीक्षकांनी मान वर न करता विचारलं, काचेत पाणी नाही, काय करशील? तिनं सगळं नीट सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, आणखी काही? ती म्हणाली, नाही. मग त्यांनी विचारलं, बॉयलरच्या तोंडाशी तुझ्या हाताखालचा माणूस काम करतोय, तो कुठे गेला?

"मी त्याले बाजूला हो म्हटलंच नव्हतं, सर. ते म्हणाले, बॉयलर वाचवलास, माणूस तिथंच ठेवलास. पुढच्या वेळी ये. बाहेर येऊन मी खूप रडलो. त्याइचा राग आलता. मंग गावी आलो तं वाटलं, बरोबर बोलले ते."

हे सांगताना तिच्या कानापर्यंत लाली चढली होती. अकादमी कशी सोडली तेही तिनं सांगितलं. नापास झाल्यावर तिथल्या मालकानं "तू टेन्शन काऊन घेतेस, आपण व्यवस्था करू" म्हटलं, तेव्हा ती तिथून निघाली ती परत गेलीच नाही. मला मनातून खात्री पटली होती. पण ठाणेदाराच्या खात्रीवर अहवाल जात नसतो, त्याला आधार लागतो.

दिवस मावळायच्या सुमाराला परीक्षकांचा फोन आला. आवाज कोरडा, वाक्यं तुटक. मी फोटोंबद्दल विचारलं. ते म्हणाले, "रोज इतके जण समोर येतात, चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. चुका राहतात." मग त्यांनी दोघांचे परीक्षा क्रमांक घेतले आणि आपल्या नोंदी चाळून म्हणाले, "या दोघांनाही मी पहिल्यांदा परत पाठवलं होतं."

"दोघांनाही?"

"दोघांनाही. मुलगी बॉयलरपुढचा माणूस विसरली होती. दुसऱ्या वेळी मी प्रश्न पुरा करायच्या आत तिनं आधी माणसं हटवली. मुलगा आधी गार पाणी सोडायला निघाला होता. दुसऱ्या वेळी ते सुधारून आला."

मी खुर्चीत ताठ बसलो. त्या मुलाच्या नावानं जो तोतया परीक्षेला बसला, तो पहिल्या वेळी नापास झाला होता, आणि अकादमीच्या मालकानं ही गोष्ट आपल्या गिऱ्हाइकाला कळूच दिली नव्हती. हमखास पास करतो म्हणून ज्याचा धंदा चालतो, तो आपला माणूस आपटला हे कोणत्या तोंडानं सांगणार! त्यामुळे त्या मुलाला आपण नापास झालो होतो हेच ठाऊक नव्हतं.

मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. म्हटलं, "बाबा, तुझी पहिली तोंडी कशी गेली ते तुझ्या परीक्षकांनी सांगितलंय. आता तू सांग." दोन्ही हातांत डोकं धरून तो म्हणाला, "सर, मैं तो गया ही नहीं था." पुढचं सगळं त्यानं ओळीनं सांगितलं. अकादमीचा मालक दुसऱ्याच दिवशी ताब्यात आला, त्याच्यामागोमाग तो तोतयाही. फसवणूक आणि तोतयेगिरीचा गुन्हा दाखल झाला, आणि तपासाबद्दल वरिष्ठांची शाबासकी मिळाली. खरी शाबासकी त्या फोनवरच्या आवाजाला मिळायला हवी होती. समुद्रावर असंख्य माणसं इंजिनच्या वर निर्धास्त झोपतात ती अशा एखाद्या कठोर माणसाच्या भरवशावर, आणि त्यांना त्याचं नावही ठाऊक नसतं. अशा माणसांबद्दल मला फार आदर वाटतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

मुलीचा अहवाल मी फोन आला त्याच संध्याकाळी स्वतः बसून लिहिला आणि मेलनं पाठवला. मंजुरी आली तेव्हा त्या दोघी मायलेकी बाकावर बसून होत्या. मी सांगितलं, "जा, तुझी गाडी पकड." मुलीनं हात जोडले.

आई मात्र उठली नाही. तिला काहीतरी विचारायचं होतं.

"साहेब, जे साहेब हिले नापास करून राहिले होते, त्याइनं हिच्याबद्दल का सांगतलं?"

मी म्हटलं, "आता ही आधी माणसं बाजूला काढते, असं सांगितलं."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "हिचा बाप मिलच्या बॉयलरवर होता जी," ती म्हणाली. "त्याले कोनी हट म्हटलं नाही."

मुलीनं आईचा दंड धरून तिला उठवलं. दोघी पायऱ्या उतरून रस्त्याला लागल्या. पोलिसाच्या नोकरीत माणूस खरा की खोटा हे पारखायचं असतं, असंच मी तोवर समजत होतो. त्या दिवसानंतर कुठल्याही अपघाताच्या जागी पोहोचलो की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे. आत कोण आहे?